ऐकणाऱ्यांचेही मोजमाप हवे

नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. ती माणसाकडे गेल्या दोन आठवड्यांचा हिशेब मागते: उदास वाटले का, झोप लागली का, कामात मन रमले का, जगणे नकोसे झाले का. उत्तरांना गुण मिळतात आणि बेरजेवरून त्रास सौम्य की तीव्र हे ठरते. या मोजमापाचा उपयोग मोठा आहे, पण ते एका गोष्टीला हात लावत नाही. उदास वाटण्याबद्दल त्या माणसाचे स्वतःचे मत काय आहे? भीती वाटणे म्हणजे कच्च्या मनाचे लक्षण, असे तो मानतो का? आपल्याला रडू येते हे घरात कळले तर आपली किंमत कमी होईल, असे त्याला वाटते का? वाटत असेल, तर तो पहिल्या प्रश्नावलीलाही खरे उत्तर देणार नाही आणि दवाखान्याची पायरीही चढणार नाही. म्हणून दुःखाइतकीच दुःखाविषयीची समजूतही मोजली पाहिजे, हे या लेखाचे पहिले म्हणणे. दुसरे म्हणणे त्याहून महत्त्वाचे आहे. ही समजूत एकट्या दुःखी माणसाच्या डोक्यात जन्माला येत नाही. तिच्यात त्याच्या भोवतीच्या माणसांचा अंदाज असतो आणि तो अंदाज पुष्कळदा बरोबर असतो. त्यामुळे मोजायचे असेल तर बोलणाऱ्याबरोबर ऐकणाऱ्यांनाही मोजावे लागेल.

असे मोजण्याचे प्रयत्न नवे नाहीत. अमेरिकेत रॉबर्ट लेही यांनी २००२ साली भावनांविषयीच्या धारणांची एक मोजपट्टी मांडली. लंडनमध्ये कॅथरीन राइम्स आणि ट्रूडी चाल्डर यांनी २०१० साली बारा विधानांची एक छोटी मोजपट्टी तयार केली. प्रत्येक विधानाशी आपण कितपत सहमत आहोत हे सात पायऱ्यांवर सांगायचे. दीर्घकाळ टिकणाऱ्या थकव्याच्या आजाराने त्रस्त असलेल्या लोकांचे गुण निरोगी लोकांपेक्षा जास्त आले, म्हणजे त्रासदायक भावना मनात येऊच नयेत आणि आल्या तरी दाखवू नयेत ही समजूत त्यांच्यात अधिक पक्की होती. ज्यांचे गुण जास्त, त्यांच्यात नैराश्य, चिंता आणि सगळे निर्दोषच झाले पाहिजे असा अट्टाहासही जास्त आढळला. पुढे २०२० साली बेसेरा, प्रीस आणि ग्रॉस यांनी सोळा विधानांची प्रश्नावली मांडली. तिच्यात दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत: भावनांवर आपला ताबा चालतो का, आणि भावनांचा काही उपयोग असतो का. या सगळ्या प्रयत्नांतून हाती येणारी महत्त्वाची गोष्ट म्हणजे भावना जाणवण्याबद्दलचे मत आणि ती व्यक्त करण्याबद्दलचे मत यांतला फरक. ‘मला भीती वाटता कामा नये’ आणि ‘मला वाटणारी भीती कोणाला दिसता कामा नये’ ही दोन निराळी मते आहेत. पहिले माणसाला स्वतःशी भांडायला लावते, दुसरे त्याला इतरांपासून तोडते.

समजुतीला एवढे महत्त्व का द्यायचे, याचे उत्तर मराठी वाचकाला अपरिचित नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती किशोर फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली आणि त्यावर मराठीत भरपूर लेखन झाले. दुःख, काळजी, नाराजी या भावना सगळ्याच अनिष्ट नसतात, हा त्या विचारातला कळीचा मुद्दा. पीक गेल्यावर दुःख होणे योग्यच आहे. ‘आता माझ्या जगण्याला अर्थ नाही’ या निष्कर्षातून येणारे नैराश्य मात्र घातक. आणखी एक निरीक्षण एलिस यांनी नोंदवले: माणूस आधी दुःखी होतो आणि मग दुःखी झालो म्हणून स्वतःला दोष देऊ लागतो. हा दुसरा त्रास पहिल्यापेक्षा जड होऊ शकतो. पुढच्या संशोधनाने याला दुजोरा दिला. ब्रेट फोर्ड आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासात, आपल्या मनातले कटू विचार आणि भावना निवाडा न करता स्वीकारणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य अधिक चांगले आढळले. ब्रॉक बास्टियन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवले की आपण उदास असू नये अशी समाजाची अपेक्षा आहे असे ज्यांना वाटते, त्यांना उलट अधिक वाईट वाटते. म्हणजे हा दुसरा त्रास माणूस एकटा निर्माण करत नाही. भोवतालची अपेक्षा त्याच्या आत जाऊन बसते आणि तिथून त्याला रागावत राहते.

ही अपेक्षा सगळ्या भावनांना सारखी लागू नसते, हे नाशिक जिल्ह्याकडे पाहिले की स्पष्ट होते. १९८० साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली कांदा आणि उसाच्या भावासाठी इथल्या शेतकऱ्यांनी रस्ते आणि रेल्वे अडवली. आजही लासलगावला भाव कोसळला की लिलाव बंद पडतात, कांदा रस्त्यावर ओतला जातो, आणि त्या संतापाला गावात मान असतो. संताप सामूहिक आहे, त्याला शत्रू आहे, तो उघड्यावर दाखवता येतो. त्याच शेतकऱ्याला रात्री कर्जाची भीती वाटते, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेवर अवकाळी पाऊस पडून गेल्यावर हातपाय गळतात, मुलीच्या लग्नाचे काय या विचाराने झोप येत नाही. या भीतीला मात्र चावडीवर जागा नाही. ‘मन घट्ट कर’, ‘मनाला लावून घेऊ नकोस’, ‘बायकांसारखा रडतोस काय’, ‘चार लोक काय म्हणतील’ ही वाक्ये सांत्वनाच्या हेतूने बोलली जातात. ऐकणाऱ्याला मात्र त्यांतून कळते ते एवढेच, की राग पुरुषाला शोभतो, भीती शोभत नाही. नकारात्मक भावना असा एकच गठ्ठा करून विचारलेला प्रश्न इथे फसेल. राग, भीती, दुःख, लाज आणि मत्सर यांबद्दल वेगवेगळे विचारावे लागेल, आणि पुरुषाला व स्त्रीला तेच प्रश्न विचारून उत्तरांतला फरक पाहावा लागेल.

दुःखाला परवानगी कोणत्या प्रसंगी मिळते, यालाही आपल्याकडे अलिखित नियम आहेत. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात. सत्याग्रहात तुरुंग भोगणाऱ्या पुरुषाने आईच्या आठवणीने ओथंबून लिहिलेले हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या डोळे पुसत वाचले गेले. आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेला चित्रपट १९५३ साली आला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. तरीही गुरुजींच्या हळवेपणाला ‘रडके’ म्हणून हिणवणारा सूरही याच समाजात कायम राहिला. दोन्ही प्रतिक्रिया एकाच समाजाच्या आहेत. आईसाठी, देवासाठी, देशासाठी रडण्याला इथे प्रतिष्ठा आहे; स्वतःच्या अपयशासाठी आणि भयासाठी रडण्याला नाही. वारकरी परंपरेत संतांनी विठ्ठलापुढे आपली तगमग, रुसवा, भांडण सगळे मोकळेपणाने मांडले. ते भक्ती म्हणून डोक्यावर घेतले गेले. तीच तगमग बायकोपुढे किंवा वरिष्ठापुढे मांडणाऱ्याबद्दल आपले मत निराळे असते. ‘भावना व्यक्त कराव्यात का’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. कशाबद्दल आणि कोणापुढे, हे प्रश्नातच असले पाहिजे.

कोणापुढे, या प्रश्नाचे महत्त्व जात्यावरच्या ओव्यांइतके दुसरे काही दाखवत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून गोळा केलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. सासरचा जाच, माहेरची ओढ, मूल गेल्याचे दुःख, नवऱ्याचा मार, भावाने फिरवलेली पाठ हे सारे त्यांत आहे. दिवसभर तोंड मिटून राहणारी बाई पहाटे जात्याशी हे सगळे म्हणत होती, कारण तिथे ऐकणारी दुसरी बाईच असे. गाणे असल्याने त्याला तक्रार म्हणता येत नसे, आणि काम चालू असल्याने कोणी हटकतही नसे. पिठाची गिरणी आली, बाईचे शारीरिक कष्ट कमी झाले, हे उत्तमच झाले. पण दुःख सांगण्याची एक सुरक्षित जागा त्याबरोबर गेली आणि तिच्या बदली दुसरी जागा आपण मुद्दाम उभी केली नाही. त्या बाईला कोणी विधान दिले असते की ‘दुःख दाखवू नये’, तर तिने कदाचित होकारच भरला असता. तरी ती रोज दुःख गात होती. जागा आणि श्रोता वगळून मोजलेली समजूत किती अपुरी ठरते, याचा हा पुरावा आहे.

ऐकणारे बदलले की काय घडते, याचे महाराष्ट्रातले ठोस उदाहरण अमरावती जिल्ह्यातले आहे. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या या भागातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्य प्रकल्प चालवला गेला. ‘संगत’ ही संस्था त्यात होती आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात आले. प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी गावात छोट्या बैठका घेतल्या. रोगांची नावे बाजूला ठेवून ‘टेन्शन’बद्दल, म्हणजे लोक ज्या शब्दात बोलतात त्या शब्दात, बोलणे सुरू केले. गरज असलेल्यांना समुपदेशन आणि डॉक्टर यांच्याशी जोडून दिले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते, अठरा महिन्यांनी ते २७.२ टक्के झाले. आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी प्रकल्प नसलेली गावे घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळे श्रेय प्रकल्पाला देता येणार नाही. तरीही सुरुवातीचा ४.३ टक्के हा आकडा विचार करायला लावतो. शंभरातले पंचाण्णव लोक कोणाकडेच गेले नव्हते. मदत जवळ नसणे हे त्याचे एक कारण होते. जे होत आहे ते सांगण्यासारखे आहे असे न वाटणे हेही होते. दुसऱ्या कारणाचे माप कोणाकडेच नव्हते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मानसशास्त्रातल्या मोजपट्ट्या या समजुतींना साधारणपणे ‘अपायकारक’ म्हणतात आणि उपचारात त्या बदलायला शिकवतात. इथे एक घसरण आहे. ‘मी भीती दाखवली तर लोक मला कमी लेखतील’ हे विधान काहींच्या बाबतीत चुकीचा समज असेल, काहींच्या बाबतीत मात्र ते वस्तुस्थितीचे वर्णन आहे. नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेल्या बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ सालच्या कथासंग्रहातल्या शीर्षककथेचा नायक परक्या गावात जात लपवून राहतो. त्याने सतत सावध राहणे, मनातले बाहेर येऊ न देणे, ही त्याच्या विचारातली चूक नव्हे. जात कळल्यावर काय होईल याचा त्याचा अंदाज अचूक आहे आणि तो खरा ठरतो. आजही मुकादमापुढे राग दाखवणारा मजूर काम गमावतो. सासरी रडणारी सून ‘नाटकी’ ठरते. तणाव आहे म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याची बढती अडते. अशा माणसाच्या मोजपट्टीवरचे मोठे गुण पाहून त्याच्या समजुती सुधारायला निघणे म्हणजे धोक्याची जाण असलेल्यालाच दोषी धरणे. त्याच्या गुणांत त्याच्या समाजाचेही वर्णन आहे. ते तसे वाचायचे असेल, तर दुसऱ्या बाजूचेही माप हाती असले पाहिजे.

म्हणून प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत. पहिला: अमुक प्रसंगी अमुक भावना दाखवणाऱ्याबद्दल तुमचे मत काय होते? दुसरा: तुमच्या गावातल्या, घरातल्या, कामावरच्या बहुतेकांचे मत काय असेल? तिसरा: हीच वेळ तुमच्यावर आली तर तुम्ही काय कराल? पहिल्या प्रश्नाच्या सगळ्या उत्तरांतून त्या समाजाचे खरे मत कळेल आणि दुसऱ्यातून लोकांनी धरलेला अंदाज. दोन्हींत तफावत असेल, म्हणजे बहुतेक जण स्वतः सहानुभूतीने ऐकायला तयार असतील पण इतर हसतील असे समजत असतील, तर उपाय सोपा आहे: हे सत्य लोकांना एकत्र बसवून दाखवावे. इतरांच्या मनाचा अंदाज चुकतो, याचे पुरावे आहेत. अलेक्झांडर जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांमध्ये दाखवले की इतरांच्या वाट्याला येणाऱ्या त्रासाचा अंदाज माणसे प्रत्यक्षाहून कमी धरतात, कारण तो त्रास लपवला जातो. आणि असा कमी अंदाज धरणाऱ्यांत एकटेपणा अधिक दिसला. तफावत नसेल, म्हणजे लोक खरोखरच तुच्छतेने पाहत असतील, तर बोलणाऱ्याला धीर देऊन भागणार नाही. तिथे घरातल्या वडीलधाऱ्यांशी, मुकादमांशी, शिक्षकांशी, बँकेच्या वसुली अधिकाऱ्यांशी काम करावे लागेल. उपाय कोणाला द्यायचा, हे असे माप हाती असल्याशिवाय ठरत नाही.

यावर पहिला आक्षेप संस्कृतीचा येतो. संयम हा आपल्याकडे गुण आहे. मन उघडे करण्याचा आग्रह परदेशी आहे, तो आपल्यावर का लादायचा? आक्षेपात तथ्य आहे आणि त्याला संशोधनाचा आधारही आहे. एमिली बटलर आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासात, भावना दाबण्याचे सामाजिक तोटे आशियाई मूल्ये मानणाऱ्या स्त्रियांमध्ये कमी दिसले. होजे सोटो आणि सहकाऱ्यांना २०११ साली भावना दाबणे आणि उदासपणा यांचा संबंध युरोपीय वंशाच्या अमेरिकी विद्यार्थ्यांत सापडला, हाँगकाँगच्या विद्यार्थ्यांत सापडला नाही. पण या अभ्यासांमुळे मोजण्याची गरज वाढते, कमी होत नाही. आपला संयम कोणत्या प्रकारचा आहे हे अंदाजाने कसे ठरवणार? आजारी सासऱ्यांना काळजी नको म्हणून रडू आवरणारी बाई आणि मार पडेल म्हणून रडू आवरणारी बाई बाहेरून सारख्याच दिसतात. पहिलीचा संयम तिने निवडलेला आहे, दुसरीचा तिच्यावर लादलेला. ‘संस्कृती’ म्हणून दोघींना एकत्र मोजले तर दुसरीवरचा अन्याय पहिलीच्या सद्गुणाआड लपतो.

दुसरा आक्षेप असा, की मन मोकळे केल्याने बरे वाटते हेच मुळात सिद्ध झालेले नाही. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, ज्याने चिडवले त्याचा विचार करत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग शांत बसलेल्यांपेक्षा वाढलेला आढळला. एकच दुःख मनात घोळवत राहण्याने नैराश्य वाढते, हेही माहीत आहे. हे सर्व मान्य आहे, कारण सगळ्यांनी सगळे बोलावे असे माझे म्हणणेच नाही. जॉर्ज बोनानो यांनी सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमधल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. भावना प्रसंगी दाखवणे आणि प्रसंगी आवरणे, दोन्ही ज्यांना जमत होते, त्यांचा त्रास पुढे कमी राहिला. आरोग्य या निवडीच्या क्षमतेत आहे. ‘दाखवलेच तर संपलो’ असे मानणाऱ्याकडे निवड उरत नाही, आणि ती उरली आहे की नाही हेच आपल्याला मोजायचे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कांद्याला भाव नाही, डोक्यावर कर्ज आहे, आणि तुम्ही शेतकऱ्याला भावनांबद्दलची मते विचारता? हा प्रश्न बाजाराच्या अन्यायाला मनाचा आजार ठरवण्याचा डाव तर नाही? हा धोका खरा आहे आणि तो टाळण्याची जबाबदारी मोजणाऱ्यावर आहे. भाव, सिंचन, पीकविमा, कर्ज यांची जागा कोणतीही प्रश्नावली घेऊ शकत नाही. पण दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. संकट सांगण्याची लाज माणसाला डॉक्टरपासून दूर ठेवते तशीच बँकेपासून, नातेवाइकांपासून आणि संघटनेपासूनही दूर ठेवते. सावकाराचा फास आवळेपर्यंत घरातल्यांना कर्जाचा आकडाही कळत नाही. शिवाय ऐकणाऱ्यांचे मोजमाप केले, तर दोष शेतकऱ्याच्या मनावर ढकलण्याची सोयच राहत नाही. वसुलीला येणारा अधिकारी, हमीभावाची चर्चा करणारा प्रतिनिधी, दाराशी आलेला पाहुणा हे सगळे त्या मोजणीत येतात.

शेवटचा आक्षेप पद्धतीचा. भावना दाखवणे कमीपणाचे मानणारा माणूस ते मत तरी प्रामाणिकपणे कसे सांगेल? सासू शेजारी बसलेली असताना सून पाहणीला आलेल्या आशा कार्यकर्तीला काय उत्तर देणार? सात पायऱ्यांचे माप शाळा न शिकलेल्या माणसाला कळेल का? या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या ओलांडता येतात. थेट मत विचारण्याऐवजी एखाद्या काल्पनिक माणसाची चार ओळींची गोष्ट सांगून ‘याच्याबद्दल गाव काय म्हणेल’ असे विचारले तर उत्तर मोकळे येते. पायऱ्या तीन-चारच ठेवता येतात, मुलाखत एकांतात घेता येते, होकाराच्या सवयीवर उपाय म्हणून विधाने उलटसुलट ठेवता येतात. मुख्य म्हणजे विधाने भाषांतरित न करता इथल्या बोलण्यातून घडवावी लागतील. नाशिक जिल्ह्यात शहरातली मराठी आहे, बागलाण-मालेगावकडची अहिराणी आहे, सुरगाणा-पेठची कोकणा आहे, मालेगावची उर्दू आहे. चौघांच्या तोंडी असलेली वाक्ये घेऊन, ती चारही ठिकाणी तपासून बनवलेली मोजपट्टीच जिल्ह्याबद्दल काही सांगू शकेल.

हे मोजमाप नाशिकमध्ये सुरू व्हावे याला एक खास कारण आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय इथे आहे आणि राज्यभरातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. उद्या राज्यातले दुःख ज्यांच्यापुढे मांडले जाणार, त्या व्यावसायिक श्रोत्यांपैकी बरेच जण या एका विद्यापीठाच्या छत्राखाली घडतात. ते स्वतः कोणत्या अवस्थेत आहेत? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ साली दिलेल्या अहवालात, ऑनलाइन पाहणीत उत्तरे देणाऱ्या २५,५९० पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले. स्वतःचे दुःख कमकुवतपणा मानायला शिकलेला डॉक्टर रुग्णाचे दुःख कोणत्या कानाने ऐकेल, हा या आकड्यातून उभा राहणारा प्रश्न आहे. पहिली मोजणी म्हणूनच या विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या शिक्षकांची व्हावी, निनावी पद्धतीने आणि वर नमूद केलेल्या तीनही प्रश्नांसह. दुसरी मोजणी जिल्ह्यातल्या आशा कार्यकर्त्या, शिक्षक, ग्रामसेवक, पोलीस आणि सहकारी बँकांचे कर्मचारी यांची, आणि त्यानंतरच शेतकरी व गृहिणी यांची. हा क्रम जाणीवपूर्वक उलटा आहे: आधी ऐकणारे, मग बोलणारे. ऐकणाऱ्याने मत बदलल्याचे उदाहरण समोर आहे: आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे मानून त्याला शिक्षा न करण्याची भूमिका देशाच्या कायद्याने २०१७ साली घेतली. कायद्याने आपले मत बदलले. घराने, गावाने आणि कचेरीने आपले मत तपासून पाहण्याची वेळ आली आहे, आणि ज्यांच्या मतावर दुसऱ्याचे बोलणे अवलंबून आहे त्यांनी आधी उत्तरे द्यावीत, हेच न्यायाचे आहे.